आर्चबिशप कोण, होतो कसा, करतो काय? मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

वैजापूर-गंगापूरकडच्या ख्रिस्ती वस्त्यांतून, जालन्यातून, नांदेडच्या वार्ताहरांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. काही भाविकांचे असतात, काही निव्वळ कुतूहलाचे, तर काही बातमी रात्री नऊच्या आत द्यायची असल्याने घाईचे. सगळे एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. पान कॅथलिक चर्चपुरतं आहे. उत्तराचा उरलेला भाग दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. छत्रपती संभाजीनगरला आर्चबिशप आहेत का?

नाही, बिशप आहेत. मराठवाड्याचा कॅथलिक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालचा भाग, १७ डिसेंबर १९७७ रोजी अमरावती धर्मप्रांतातून वेगळा काढला गेला. पहिले बिशप डॉमिनिक अब्रेओ. शहराचं नाव बदललं तरी धर्मप्रांत अजून ‘औरंगाबाद धर्मप्रांत’ म्हणूनच ओळखला जातो, त्यामुळे जुनं नाव दिसलं तर कोणी मुद्दाम लिहिलंय असं समजू नका. या धर्मप्रांताचे आर्चबिशप बसतात नागपूरला. नाताळच्या मिस्साला, म्हणजे मुख्य पूजाविधीला, उंच टोपी घालून, हातात दंड घेऊन जे वेदीवर उभे दिसतात ते बिशप. टोपी आणि दंड दोघांचेही सारखेच असतात आणि बातम्यांतला घोळ तिथूनच सुरू होतो.

२. मग बिशप आणि आर्चबिशप यांत फरक काय?

दीक्षेत काहीच फरक नाही. कॅथलिक चर्चमध्ये दीक्षेच्या पायऱ्या तीनच: डीकन (धर्मगुरूच्या आधीची पायरी), धर्मगुरू (फादर), बिशप. चौथी पायरी नाही. पोपही रोमचे बिशपच असतात. शेजारच्या काही धर्मप्रांतांचा मिळून एक प्रांत होतो आणि त्यातल्या मुख्य धर्मप्रांताच्या बिशपला आर्चबिशप म्हणतात. त्याच्या धर्मप्रांताला महाधर्मप्रांत म्हणतात.

महाराष्ट्रात लॅटिन, म्हणजे रोमच्या पूजाविधीच्या, परंपरेचे असे दोन महाधर्मप्रांत आहेत, मुंबई आणि नागपूर. पुणे, नाशिक आणि वसई मुंबईच्या प्रांतात येतात, अमरावती आणि औरंगाबाद नागपूरच्या. सिंधुदुर्ग महाराष्ट्रात असूनही गोव्याच्या प्रांतात आहे. चर्चच्या सीमा राज्याच्या नकाशाशी जुळतीलच असं नाही. नागपूरचा धर्मप्रांत १८८७चा. तो १९५३ साली महाधर्मप्रांत झाला.

३. म्हणजे नागपूरचे आर्चबिशप आमच्या बिशपचे साहेब? ते बदली करू शकतात का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त गैरसमज असलेला प्रश्न हाच आहे. आपल्याला जिल्हाधिकारी आणि त्यांच्यावर विभागीय आयुक्त ही रचना अंगवळणी पडलेली आहे, त्यामुळे बिशपच्या डोक्यावर आर्चबिशप असं चित्र आपोआप तयार होतं. तसं नाही. बिशप आपल्या धर्मप्रांतात थेट पोपला जबाबदार असतो. दर पाच वर्षांनी रोमला जायचा अहवाल त्याचा तोच पाठवतो, नागपूरमार्गे नाही. फादरांच्या बदल्या, नवं चर्च कुठे बांधायचं, शाळेला मुख्याध्यापक कोण, या कशातही आर्चबिशपची सही लागत नाही. बिशपची बदली तर फक्त पोप करतात.

आर्चबिशपच्या हातात प्रांतापुरतं जे आहे ते मोजकं आहे. श्रद्धा आणि शिस्त नीट पाळली जाते का यावर नजर ठेवणं आणि गैरप्रकार दिसले तर पोपना कळवणं. एखाद्या बिशपने आपल्या गावोगावच्या भेटी टाळल्या तर रोमची परवानगी घेऊन त्या स्वतः करणं. बिशपची खुर्ची रिकामी पडली आणि ठरल्या मुदतीत तिथल्या धर्मगुरूंना प्रशासक निवडता आला नाही तर तो नेमणं (प्रश्न १५). याखेरीज प्रांतातल्या कुठल्याही चर्चमध्ये ते धर्मविधी करू शकतात. कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, करायचे असतील तर आधी तिथल्या बिशपला कळवावं लागतं. चर्चच्या कायद्याच्या १९८३च्या संहितेत हे लिहिलेलं आहे आणि ‘याव्यतिरिक्त कारभाराचा अधिकार नाही’ असंही तीच संहिता स्पष्ट सांगते.

मग पद नुसतं मानाचं का? तसंही नाही. नव्या बिशपच्या नेमणुकीत (प्रश्न ७), विवाहाच्या अपिलात (प्रश्न १८) आणि बिशपविरुद्धच्या तक्रारीत (प्रश्न १९) नागपूरला वजन आहे. रोजच्या कारभारात नाही.

४. आर्चबिशपच्या गळ्यात पांढरा पट्टा दिसतो, तो कसला?

त्याला पॅलियम म्हणतात. लोकरीचा, सहा काळ्या क्रूसांचा. २१ जानेवारीला, संत ॲग्नेसच्या सणाला, रोममध्ये कोकरांना आशीर्वाद देतात आणि त्यांच्या लोकरीपासून पॅलियम विणतात. २९ जूनला, संत पीटर आणि पॉल यांच्या सणाला, पोप ते नव्या आर्चबिशपांना देतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली पद्धत बदलली होती. आशीर्वाद रोममध्ये व्हायचा, पण गळ्यात घालण्याचा विधी आर्चबिशपच्या स्वतःच्या गावी, त्याच्या लोकांसमोर. पोप लिओ यांनी २०२५पासून तो पुन्हा स्वतःच्या हातांनी घालायला सुरुवात केली. आम्हाला फ्रान्सिस यांची पद्धत बरी वाटत होती. मराठवाड्यातली किती माणसं रोमला जाणार?

पॅलियम आपल्या प्रांताबाहेर घालता येत नाही. आर्चबिशपची दुसऱ्या महाधर्मप्रांतात नेमणूक झाली तर त्याला नवा मागावा लागतो.

५. मुलाला फादर व्हायचंय, पुढे आर्चबिशप होईल का? सुरुवात कुठून करायची?

सुरुवात गावच्या फादरांपासून. साधारणपणे बारावी किंवा पदवीनंतर मुलगा सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, जातो. मग तत्त्वज्ञान, मधे काही काळ गावात किंवा शाळेत प्रत्यक्ष काम, मग ईशज्ञानाचा (थिऑलॉजीचा) अभ्यास, मग डीकनची दीक्षा आणि शेवटी धर्मगुरूची. दहा-बारा वर्षं सहज जातात. पुण्याचं पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप विद्यापीठ १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्याला आलं, देशभरातली मुलं तिथे शिकतात. नागपूरला सेंट चार्ल्स आणि मुंबईत गोरेगावला सेंट पायस ही सेमिनरी आहेत.

‘पुढे आर्चबिशप’ हे मात्र डोक्यातून काढा. या पदाला अर्ज नाही, परीक्षा नाही, ज्येष्ठतेची यादी नाही. बहुतेक धर्मगुरू आयुष्यभर धर्मगुरूच राहतात आणि त्यात काही कमीपणा नाही.

६. वयाची, शिक्षणाची काही अट आहे का?

वय किमान ३५, धर्मगुरू होऊन किमान ५ वर्षं आणि बायबल, ईशज्ञान किंवा चर्चचा कायदा यांपैकी एकात डॉक्टरेट, उच्च पदवी किंवा खरोखरचं प्रावीण्य. शिवाय स्वभाव, लौकिक, विवेक, म्हणजे कागदावर न मावणारं बरंच काही. ही अट १९८३च्या संहितेतली. त्याआधी वयाची मर्यादा तिशीची होती, म्हणूनच नागपूरचे एक आर्चबिशप चौतिसाव्या वर्षी बिशप होऊ शकले (प्रश्न ८).

७. निवड नेमकी कोण करतं? मतदान होतं का?

लोकांचं मतदान नाही. प्रांतातले बिशप ठरावीक काळाने एकत्र बसून बिशपपदाला योग्य अशा धर्मगुरूंची गुप्त यादी करतात. जागा रिकामी झाली की दिल्लीतले पोपचे राजदूत, ज्यांना नन्सिओ म्हणतात, चौकशी सुरू करतात. आर्चबिशप, प्रांतातले इतर बिशप, काही धर्मगुरू आणि निवडक सामान्य भाविक यांना गोपनीय पत्रं जातात. तीन नावं रोमला पोहोचतात. भारतातल्या लॅटिन धर्मप्रांतांच्या नेमणुका सुवार्ताप्रसाराच्या विभागामार्फत होतात. शेवटचा शब्द पोपचा. तिन्ही नावं बाजूला सारून चौथंच नाव निवडायलाही ते मोकळे असतात.

वार्ताहरांसाठी: घोषणा रोमच्या दुपारी बारा वाजता होते. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात. त्याआधी ‘विश्वसनीय सूत्रांकडून’ आलेलं नाव छापू नका. ज्याची निवड झाली आहे त्यालाही गुप्ततेचं बंधन असतं.

८. नागपूरचे आर्चबिशप आतापर्यंत कोण होते?

नागपूर १९५३ साली महाधर्मप्रांत झालं तेव्हा तिथे यूजीन डिसोझा होते. ते १९६३ साली नव्या भोपाळ महाधर्मप्रांताचे पहिले आर्चबिशप म्हणून गेले. त्यांच्यानंतर लिओनार्ड रेमंड, मग १९७५ ते १९९८ लिओबार्ड डिसोझा. औरंगाबाद धर्मप्रांत झाला तो यांच्याच काळात.

त्यानंतरचे अब्राहम विरुथकुलंगरा मराठवाड्यातल्या अनेकांनी पाहिलेले आहेत. जन्म ५ जून १९४३, केरळमधल्या कल्लारा गावी. १९६९ साली धर्मगुरू. मध्य प्रदेशात खांडवा हा नवा धर्मप्रांत १९७७ साली झाला आणि त्याचे पहिले बिशप म्हणून त्यांना नेमलं. बिशपची दीक्षा मिळाली तेव्हा वय ३४. नर्मदेकाठच्या त्या आदिवासी मुलखात ते वीस वर्षं होते, मग १९९८ साली नागपूरला आले आणि तिथेही वीस वर्षं. १९ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. पंचाहत्तरी, म्हणजे राजीनामा द्यायचं वय (प्रश्न १४), दीड महिन्यावर आली होती. केरळच्या खेड्यातला माणूस आयुष्यातली चाळीस वर्षं हिंदी-मराठी बोलणाऱ्या भागात काढतो, ही मध्य भारतातल्या चर्चची नेहमीची गोष्ट आहे. आपल्याकडे कितीतरी गावांत फादर मल्याळी किंवा मंगळुरी का असतात, त्याचं उत्तरही यातच आहे. धर्मगुरू होणारी मुलं तिकडे मुबलक होती, इकडे नव्हती.

३ डिसेंबर २०१८ रोजी एलियास गोन्साल्विस यांची नेमणूक झाली. ते वसईतल्या चुळण्याचे, जन्म १९६१चा, मुंबई महाधर्मप्रांताचे धर्मगुरू, २०१२पासून अमरावतीचे बिशप. मराठी मुलखातल्या आर्चबिशपला मराठी घरातून येते, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. प्रवचन भाषांतरातून ऐकणं आणि थेट ऐकणं यात फार अंतर असतं.

९. मुंबईला भारतीय आर्चबिशप मिळायला १९५० का उजाडलं?

कारण राजकारण. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चवर जुने हक्क होते आणि मुंबईत त्यावरून शतकभर भांडणं चालली. १९२८च्या करारात तोडगा असा निघाला की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. भारतीय माणसाचा त्यात विचारच नाही! आधी पोर्तुगीज जेझुइट (येशूसंघ या धर्मगुरूंच्या संघाचे सभासद) जोआकिम लिमा आले, मग १९३७ साली इंग्लिश जेझुइट थॉमस रॉबर्ट्स.

रॉबर्ट्स यांचं वेगळेपण इथे आहे. पुढची पाळी करारानुसार पोर्तुगिजांची होती आणि देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. १९४६ साली व्हॅलेरियन ग्रेशियस यांना सहायक बिशप करून घेतलं, कारभार त्यांच्यावर सोपवला आणि रॉबर्ट्स मुंबई सोडून गेले. राजीनामा लगेच दिला नाही, कारण जागा रिकामी झाली असती तर पाळी पोर्तुगालची आली असती. १९५० साली पोर्तुगालने हक्क सोडला, मग रॉबर्ट्स यांनी औपचारिक राजीनामा दिला आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले. खुर्चीवर न बसता चार वर्षं ती दुसऱ्यासाठी धरून ठेवणारा माणूस चर्चच्याच काय, कुठल्याही इतिहासात विरळा. ते पुढे नाममात्र आर्चबिशप म्हणून जगले आणि १९७६ साली वारले.

ग्रेशियस यांचा जन्म १९०० साली कराचीत, गोवेकर कुटुंबातला. १९५३ साली ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. डिसेंबर १९६४मध्ये मुंबईच्या युखारिस्टिक काँग्रेस या जागतिक कॅथलिक मेळाव्यासाठी पोप पॉल सहावे आले, भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. तेव्हा यजमान ग्रेशियस होते. १९६६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. ऑगस्ट १९७८च्या पोपच्या निवडणुकीला आजारपणामुळे जाता आलं नाही आणि त्याच सप्टेंबरात त्यांचं निधन झालं.

१०. कार्डिनल आर्चबिशपच्या वर असतो का?

मानाने वर, पण कार्डिनल ही दीक्षाही नाही आणि धर्मप्रांताचं पदही नाही. पोपचे सल्लागार आणि वयाची ८० पूर्ण होईपर्यंत नव्या पोपचे मतदार, ही कार्डिनलांची ओळख. एकच माणूस आर्चबिशप आणि कार्डिनल दोन्ही असू शकतो, ग्रेशियस तसेच होते. नागपूरच्या आर्चबिशपवर मुंबईच्या कार्डिनलचा अधिकार चालत नाही.

११. आमच्यासारख्या घरातला माणूस आर्चबिशप झालाय का?

हा प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो आणि ‘आमच्यासारख्या’ म्हणजे काय ते विचारावं लागत नाही. मराठवाड्यातले बहुतेक कॅथलिक महार आणि मांग समाजांतून आलेले आहेत. गावकुसाबाहेरच्या घरांनी बाप्तिस्मा घेतला, मुलं बोर्डिंगमध्ये शिकली, पण वेदीवरची माणसं दीर्घकाळ बाहेरचीच राहिली.

उत्तर हो असं आहे. भारतातले पहिले दलित आर्चबिशप म्हणजे मरमपुडी जोजी. ते २०००पासून २०१० साली निधन होईपर्यंत हैदराबादचे आर्चबिशप होते. हैदराबादलाच पुढे अँथनी पूला आले. जन्म १९६१चा, आंध्रच्या कर्नूल जिल्ह्यातला. गरिबीमुळे सातवीनंतर शाळा सुटली होती, मिशनऱ्यांनी ती पुन्हा सुरू करून दिली. २००८ साली कर्नूलचे बिशप, २०२०च्या नोव्हेंबरात हैदराबादचे आर्चबिशप म्हणून नेमणूक आणि २७ ऑगस्ट २०२२ रोजी कार्डिनल, दलित समाजातले पहिले. ज्या हैदराबादच्या राज्यात आपला मराठवाडा १९५६पर्यंत होता, त्याच शहराच्या वाट्याला या दोन्ही नेमणुका आल्या.

एवढ्यावर समाधान मानायचं का? आमचं मत, नाही. भारतीय बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद आहे हे स्वतःच मान्य केलं. कागद चांगला आहे. पण धर्मप्रांताच्या समित्यांवर कोण आहे, सेमिनरीत आपल्या तालुक्यातून किती मुलं गेली आणि किती टिकली, हे प्रश्न स्थानिक आहेत आणि ते स्थानिक बिशपलाच विचारायला हवेत. आर्चबिशपला नाही (प्रश्न ३).

जोडून येणारा प्रश्न सवलतींचा. १० ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम आले नाहीत. म्हणून दलित ख्रिस्ती १० ऑगस्ट काळा दिवस पाळतात आणि अनेक बिशप, आर्चबिशप त्यात उतरतात. केंद्राने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. जातीचा दाखला देणं कुठल्याही आर्चबिशपच्या हातात नाही. तो तहसील आणि उपविभागीय कार्यालयाचा विषय.

१२. वसई महाधर्मप्रांत नाही, मग फेलिक्स मच्याडो यांना आर्चबिशप का म्हणतात?

बरोबर पकडलंत. मच्याडो मूळचे वसईचे. व्हॅटिकनमध्ये आंतरधर्मीय संवादाच्या विभागात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. २००८ साली त्यांना नाशिकचे बिशप नेमताना पोपनी ‘आर्चबिशप’ ही पदवी व्यक्तिशः दिली. २००९ साली ते वसईला आले तेव्हा पदवी सोबत आली. ते २०२४ साली निवृत्त झाले. वसई मात्र साधा धर्मप्रांतच राहिला. अशा आर्चबिशपच्या हाताखाली प्रांत नसतो, त्यामुळे प्रश्न ३मधले अधिकारही नसतात.

असेच आणखी काही ‘प्रांताविना’ आर्चबिशप असतात. पोपचे राजदूत जवळजवळ नेहमी आर्चबिशप असतात, पण त्यांना एखाद्या नामशेष झालेल्या प्राचीन धर्मप्रांताचं नाव देतात. रॉबर्ट्स यांनाही शेवटी तसंच नाव मिळालं. गोव्याचे आर्चबिशप ‘पॅट्रिआर्क’ही म्हणवतात, पण तो जुना मान आहे, जादा अधिकार नाही.

उलट कल्याणचं. तिथे केरळच्या सिरो-मलबार परंपरेचा धर्मप्रांत आहे आणि २०२५ साली त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. चर्च कॅथलिकच, पोपही तेच, पण पूजाविधी आणि कायदा वेगळा. तिथल्या आर्चबिशपचा औरंगाबाद धर्मप्रांताशी संबंध नाही.

१३. जालन्याच्या चर्चचे बिशप लग्न झालेले आहेत. हे कसं चालतं?

ते कॅथलिक नाहीत. जालना हा जुना प्रोटेस्टंट मुलूख. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली ती स्कॉटिश मिशनच्या काळात. त्या परंपरेतली बरीच चर्चेस २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. त्यांचाही मराठवाडा धर्मप्रांत आहे, त्यांचेही बिशप आहेत आणि त्यांना लग्न करता येतं. त्यांच्यात आर्चबिशप नसतो, प्रमुखाला मॉडरेटर म्हणतात. बिशपचं नाव लिहिताना कुठल्या चर्चचे ते आधी विचारा.

१४. आर्चबिशप निवृत्त कधी होतात?

७५ पूर्ण झाली की पोपकडे राजीनामा द्यायचा. तो लगेच मंजूर होईलच असं नाही. मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस ऐंशीपर्यंत होते. निवृत्त आर्चबिशप ‘एमेरिटस’ म्हणवतात, दीक्षा कायम राहते, कारभार सुटतो.

१५. खुर्ची रिकामी असताना कारभार कोण पाहतं?

धर्मप्रांतातल्या ठरावीक धर्मगुरूंचं मंडळ ८ दिवसांत प्रशासक निवडतं. तसं झालं नाही तर प्रांताचे आर्चबिशप नेमतात. आणि आर्चबिशपचीच जागा रिकामी असेल तर प्रांतातला सर्वांत ज्येष्ठ बिशप नेमतो. विरुथकुलंगरा गेल्यावर नवं नाव जाहीर व्हायला साडेसात महिने लागले. प्रशासकाने या काळात नवे मोठे बदल करायचे नसतात. काही वेळा आधीच वारस-बिशप नेमतात, म्हणजे जागा क्षणभरही रिकामी राहत नाही. मुंबईला जॉन रॉड्रिग्ज नोव्हेंबर २०२४मध्ये असेच आले आणि जानेवारी २०२५मध्ये आर्चबिशप झाले.

१६. पगार किती? जमिनी त्यांच्या नावावर असतात का?

पगार असा नाही, निर्वाहापुरता भत्ता, राहण्या-जेवणाची सोय. चर्चच्या जमिनी आणि इमारती धर्मप्रांताच्या संस्थेच्या किंवा नोंदणीकृत न्यासाच्या असतात. आर्चबिशप त्यांचा प्रमुख असतो, मालक नाही, आणि मोठी विक्री करायची तर सल्लागार मंडळांची संमती, ठरावीक रकमेपलीकडे रोमची परवानगी लागते. धर्मप्रांतीय धर्मगुरू ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाचं वचन देतात, दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत. म्हणून वडिलोपार्जित वाटा त्यांच्या नावे असू शकतो. जेझुइटांसारख्या संघांचे सभासद ते व्रत घेतात.

१७. इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी आर्चबिशपचं पत्र चालेल का?

मे-जून आला की हाच प्रश्न. नाही. संभाजीनगरमधल्या शाळेवर नागपूरचा कारभार नाही. शिवाय ‘कॉन्व्हेंट’ म्हणवणाऱ्या बऱ्याच शाळा सिस्टरांच्या संघांच्या असतात, तिथे बिशपचाही रोजचा हात नसतो. शाळेच्या कार्यालयात जा.

१८. चर्चच्या न्यायालयात माझा विवाह रद्दबातल ठरला नाही. नागपूरला जाता येतं का?

येतं. बिशपच्या न्यायालयाच्या निकालावर अपील आर्चबिशपच्या न्यायालयात होतं. औरंगाबाद धर्मप्रांतासाठी ते नागपूर. पूर्वी विवाह रद्द ठरला तरी दुसऱ्या न्यायालयाचं शिक्कामोर्तब सक्तीचं होतं, ८ डिसेंबर २०१५पासून ते उठलं. अपिलाची मुदत कमी असते, निकालपत्र हातात पडताच फादरांना भेटा. आणि हा चर्चचा निकाल आहे. कायदेशीर घटस्फोट दिवाणी किंवा कौटुंबिक न्यायालयातच मिळतो, एकाने दुसरं भागत नाही.

१९. खुद्द बिशपबद्दल तक्रार असेल तर?

लैंगिक अत्याचाराची किंवा तो दाबल्याची तक्रार असेल तर २०१९चा पोपचा ‘वोस एस्तिस लुक्स मुन्दी’ हा आदेश लागू होतो, तो २०२३ साली कायम झाला. त्यानुसार बिशपविरुद्धची तक्रार प्रांताच्या आर्चबिशपकडे जाते आणि रोमच्या परवानगीने चौकशी तेच करतात. तक्रार आर्चबिशपविरुद्धच असेल तर प्रांतातल्या ज्येष्ठ बिशपकडे. तक्रारदाराला गप्प बसायला सांगता येत नाही, असंही त्या आदेशात आहे. मूल अठराच्या आतलं असेल तर आधी पोलीस. २०१२च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे आणि चर्चची चौकशी त्याला पर्याय नाही.

पैशांच्या किंवा बदल्यांच्या तक्रारी वेगळ्या. न्यासाचा हिशेब असेल तर धर्मादाय कार्यालय आहेच.

२०. फादर फ्रान्सिस दिब्रिटो बिशप होते ना?

नव्हते. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा ते अध्यक्ष होते, म्हणून मराठवाड्यात त्यांचं नाव घराघरांत गेलं. ते वसई धर्मप्रांताचे धर्मगुरू आणि ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. जुलै २०२४मध्ये त्यांचं निधन झालं.

२१. आर्चबिशप गावात येणार आहेत. काय म्हणायचं, अंगठीला ओठ लावायचे का?

‘आर्चबिशप महोदय’ पुरतं. घाईत ‘फादर’ म्हटलंत तरी कोणी रागावत नाही. हात जोडून ‘जय ख्रिस्त’ म्हणा, बिगर-ख्रिस्ती असाल तर नमस्कार. अंगठीचं चुंबन ही जुनी रीत, सक्ती नाही. बातमीत पहिल्यांदा पूर्ण नाव आणि ‘नागपूरचे आर्चबिशप’, पुढे नुसतं आडनाव चालतं. सत्कारासाठी फेटा बांधायचा असेल तर मिस्सा संपल्यावर बांधा, विधीच्या मधे नको. आणि कार्यक्रम ठरवताना आधी धर्मप्रांताच्या बिशपच्या कार्यालयात विचारा, कारण यजमान तेच असतात.